स्थलानुरूप गृहरचना

स्थलानुरूप गृहरचना : घर बांधावयाच्या भूखंडाचा चढउतार, माती, पाऊस, वारा व ऊन यांचा, तसेच त्या घरात राहणाऱ्या माणसांच्या दिनक्रमाचा, मिळकतीचा व परस्परसंबंधांचा विचार करून केलेली घराची रचना. ठराविक नकाशा कोठेही उभारावयाचा, या पद्धतीच्या ती विरुद्ध आहे. विसाव्या शतकातील वास्तुसमीक्षेत या कल्पनेला मोठे स्थान मिळाले. तथापि तिच्यात स्थळ आणि रहिवासी असे दोन भिन्न निकष एकत्र आले आहेत, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. स्थळाशी उत्तम मेळ साधलेले घर रहिवाशाला गैरसोयीचे ठरू शकते आणि रहिवाशाला प्रिय असलेले घर स्थळाशी विसंगत असू शकते. म्हणून अशा घरांचे मूल्यमापन दोन्ही निकष वेगवेगळे लावूनच करणे इष्ट ठरते.

पारंपरिक घरे : वास्तुशिल्पज्ञाच्या साहाय्याविना बांधल्या गेलेल्या पारंपरिक घरांत स्थळाचा विचार पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून मुरलेला असतो. महाराष्ट्रातच याची परस्परविरोधी वाटणारी उदाहरणे आढळतात. कोकणात वर्षाकाठी २,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथील घर जांभ्या दगडाच्या जोत्यावर उभे असते; त्याचे कौलारू पाखे तीव्र उताराचे असून भिंतींच्या पुष्कळ पुढे आलेले असतात. त्यांच्या छायेत पडवी व ओटी येतात व पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोहोचत नाही. याउलट देशावरील व मराठवाड्यातील अवर्षणप्रवण भागात जाड मातीच्या भिंतींची, सपाट माळवदाची धाब्याची घरे बांधली गेली. पाऊस कमी असल्याने छपराला उतार देण्याची निकड नव्हती. जाड भिंती व मातीचे छप्पर दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेत व घराचा अंतर्भाग दुपारी थंड राही. चौकाच्या वाड्यात उजेड व वारा मधूनच मिळत असल्याने बाहेरच्या भिंती जवळजवळ बंद ठेवता येत.

ही घरे हवामानाला चोख उत्तर देतात, म्हणून ती सर्वार्थाने आदर्श मानण्याची प्रवृत्ती अलीकडच्या लेखनात दिसते. ती तपासून घ्यावयास हवी. वाड्याची रचना कुटुंबातील मानपानाच्या उतरंडीला अनुसरून झालेली होती. ओसरी व सोपा हे उजेडाचे, वाऱ्याचे भाग पुरुषांच्या बैठकीकडे गेले; माजघर व स्वयंपाकघर हे अंधाऱ्या, धुराने भरणाऱ्या भागांत राहिले आणि बाळंतिणीची खोली बहुधा सर्वांत कोंदट असे. घर रहिवाशांच्या चालीरीतींना अनुरूप होते, हे खरे. पण सर्व रहिवाशांना सारखेच अनुरूप होते, असे म्हणता येत नाही. ‘रहिवासी’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न विचारल्यावाचून या निकषाला अर्थ उरत नाही.

दोन अमेरिकन घरे : आधुनिक वास्तुकलेत स्थळाशी एकरूप झालेल्या घराचे उदाहरण म्हणून फ्रँक लॉइड राइट (१८६७–१९५९) याच्या ‘फॉलिंगवॉटर’चा उल्लेख सर्वप्रथम होतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात बेअर रन या ओढ्यावर, पिट्सबर्ग येथील व्यापारी एडगर कॉफमन याच्या कुटुंबासाठी १९३५ मध्ये त्याचा आराखडा झाला व १९३७ मध्ये मुख्य घर पूर्ण झाले. धबधबा समोर दिसावा अशी मालकाची अपेक्षा होती. राइटने घर धबधब्याच्या वरच उभारले. त्यामुळे धबधबा पाहण्याचे दृश्य न राहता घरात सतत ऐकू येणारी सोबत झाला. भिंतींसाठी जवळच्याच खाणीतील वालुकाश्म वापरला असून बैठकीच्या खोलीतील शेकोटीपाशी मूळचा खडक जमिनीतून वर आलेला तसाच ठेवला आहे. प्रबलित काँक्रीटच्या, एकाच टोकाशी आधार असलेल्या गच्च्या खडकाच्या थरांप्रमाणे ओढ्यावर पुढे झेपावतात. स्थळाचे इतके नेमके वाचन क्वचितच आढळते.

मात्र हेच घर मालकाला सतत दुरुस्तीचे ठरले. गच्च्या आरंभापासूनच वाकू लागल्या, त्यांना भेगा पडल्या आणि ठिकठिकाणी गळती सुरू झाली. अखेरीस २००२ मध्ये पोलादी तारा ताणून मुख्य गच्चीला बळकटी द्यावी लागली. तरीही कॉफमन कुटुंबाने या घरात अनेक वर्षे आवडीने सुट्ट्या घालविल्या व १९६३ मध्ये ते निसर्गसंरक्षण करणाऱ्या एका संस्थेच्या स्वाधीन केले. हे सुट्टीचे घर होते आणि दुरुस्तीचा खर्च सोसणारा मालक लाभला होता, ही बाब त्याच्या यशाचा विचार करताना विसरता येत नाही.

लूटव्हिख मीस व्हान डेर रोअ (१८८६–१९६९) याने इलिनॉय राज्यात प्लेनो गावानजीक फॉक्स नदीकाठी बांधलेले ‘फार्न्सवर्थ’ घर (१९५१) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. शिकागो येथील डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ हिच्यासाठी बांधलेल्या या घराला चारही बाजूंनी काच असून आत वस्तुतः एकच मोठी खोली आहे. पुराचा विचार करून तक्तपोशी जमिनीपासून सु. १·६ मी. उंच उचलली होती. तरीही १९५४ व १९९६ च्या पुरांत पाणी आत शिरले. उन्हाळ्यात घर तापे, रात्री दिव्यांच्या उजेडाने किडे जमत आणि एकट्या राहणाऱ्या मालकिणीला चारही बाजूंनी उघडे पडल्याची भावना होई. वाढलेल्या खर्चावरून दोघांत न्यायालयीन वाद झाला. नदीकाठच्या वृक्षराजीकडे हे घर अत्यंत शांतपणे पाहते, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याने स्थळाचा स्वीकार केला तो केवळ दृश्य म्हणून. तेथील पूर, ऊन व कीटक हेही स्थळच होते. राइटच्या घरात स्थळाचे आकलन सखोल असून बांधकाम उणे पडले. मीसच्या घरात बांधकामाची परिपूर्णता असून स्थळ व रहिवासी या दोहोंचे आकलन अपुरे राहिले. दोन्ही दोषांचे स्वरूप भिन्न असल्याने त्यांची एकाच मापाने मोजदाद करणे योग्य नव्हे.

गुर्नाचा धडा : स्थळ व साहित्य यांचा मेळ साधूनही रहिवाशांशी मेळ न जमल्याचे मोठे उदाहरण ईजिप्तमधील नवे गुर्ना हे होय. लक्सॉरजवळील प्राचीन थडग्यांच्या परिसरात राहणाऱ्या ग्रामस्थांना हलविण्यासाठी वास्तुशिल्पज्ञ हसन फथी याने १९४६ पासून हे गाव उभारण्यास प्रारंभ केला. कच्च्या मातीच्या विटा, लाकडी आधाराविना बांधता येणाऱ्या कमानी छताचे जुने तंत्र, आतील चौक व वाऱ्याचे झरोके या साधनांनी अल्प खर्चात थंड घरे देण्याचा त्याचा प्रयत्न सर्वस्वी स्तुत्य होता. तथापि ग्रामस्थांना मुळात स्थलांतरच नको होते, कारण त्यांची उपजीविका जुन्या जागेशी निगडित होती. शिवाय घुमट हे त्यांच्या दृष्टीने कबरींचे व दर्ग्यांचे लक्षण होते. गाव अपुरेच राहिले. रहिवाशांसाठी विचार करणे आणि त्यांच्यासह विचार करणे, यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

भारतीय प्रयोग : चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी अहमदाबादेत गुजरात गृहनिर्माण मंडळासाठी १९६१-६२ मध्ये बांधलेले ‘ट्यूब हाउस’ सु. ३·६ मी. रुंद, लांबट व चिंचोळे होते. त्याच्या उतरत्या छपराखालून गरम हवा वर चढून माथ्यावरील फटीतून बाहेर पडे व दाराजवळच्या झडपांतून थंड हवा आत येई. म्हणजे घराचा छेद हेच वायुवीजनाचे यंत्र होते. हे घर १९९५ मध्ये पाडण्यात आले. अहमदाबादेतील पारेख निवासात (१९६८) कोरियांनी उन्हाळ्यातील दुपारीसाठी वर निमुळता होत जाणारा भाग आणि हिवाळ्यासाठी व उन्हाळ्यातील संध्याकाळींसाठी आकाशाकडे खुला होणारा भाग, अशी विभागणी केली. माणसे ऋतू व प्रहर यांप्रमाणे घरातल्या घरात जागा बदलतात, हे आपल्याकडील जुने वळण त्यांनी नकाशात उतरविले.

लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळमध्ये अल्पखर्ची घरांचा पाठपुरावा केला. विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडणाऱ्या बांधणीमुळे विटा सु. एक-चतुर्थांशाने वाचत व भिंत उष्णतारोधकही होई. गवाक्षांऐवजी विटांच्या जाळ्या, उतारावर जमीन न कापता पायऱ्यापायऱ्यांनी चढणारे घर आणि झाडे राखून घडविलेला नकाशा ही त्यांची वैशिष्ट्ये होत. बांधकाम चालू असताना जागेवर उभे राहून आराखड्यात बदल करण्याची त्यांची पद्धत मात्र त्यांच्या स्वतःच्या उपस्थितीवर व कुशल गवंड्यांवर अवलंबून होती. त्यामुळे शासकीय गृहनिर्माणासारख्या मोठ्या प्रमाणावरील कामास ती सहज लागू पडत नाही, हा आक्षेप रास्त आहे.

बेलापूर येथील वसाहत : नव्या मुंबईत सिडकोसाठी कोरियांनी १९८३–८६ या काळात रचलेली ही वसाहत या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सु. सात घरांनी एक लहान चौक वेढलेला असून अशा गटांचे पुढे मोठे गट होतात. भूखंड सु. ४५ ते ७५ चौ. मी. एवढेच असल्याने भिन्न मिळकतींच्या कुटुंबांतील अंतर मर्यादित राहते. कोणतेही घर शेजाऱ्याशी भिंत वाटून घेत नाही. त्यामुळे प्रत्येकाला गरजेप्रमाणे घर वाढविता येते. साध्या गवंडीकामावर भर असल्याने वाढीव बांधकाम स्थानिक कारागिरांना सहज करता येते.

पुढील काळात रहिवाशांनी ही मुभा पुरेपूर वापरली. अनेक मूळ कौलारू घरांच्या जागी काँक्रीटची दोन-तीन मजली घरे उभी राहिली. छपरांचा मूळ मेळ मोडला व काही चौकांवर सावली दाटली. यावरून वसाहत फसली असा निष्कर्ष काढला जातो. तो एकांगी आहे. वाढीची शक्यता हाच मूळ आराखड्याचा पाया होता आणि घर पुरेनासे झाल्यावर जागा सोडून न जाता कुटुंबांना तेथेच वाढता आले, हे त्याचे यशच म्हटले पाहिजे. उणीव आहे ती अन्यत्र : एकाने चढविलेला मजला दुसऱ्याचा उजेड किती अडवील, याची मर्यादा आराखड्याने सामूहिक नियमांच्या रूपाने पुरेशी बांधून दिली नाही. चौक टिकून राहिले, हे मात्र विशेष. घरे बदलली तरी माणसांना एकत्र आणणारी मोकळी जागा शिल्लक राहते, हे त्यावरून दिसते.

समारोप : वरील उदाहरणांवरून स्थळ व रहिवासी या दोन निकषांना काळाचा तिसरा निकष जोडावा लागतो. नदीला पूर येतो, कुटुंब वाढते, म्हातारपणी जिना चढवत नाही, आणि घर मूळ मालकाकडून दुसऱ्याच्या हाती जाते. गृहप्रवेशाच्या दिवशी अचूक असलेली रचना पंचवीस वर्षांनी तशीच अनुरूप राहील, असे गृहीत धरता येत नाही. वाढत्या उष्म्याच्या व अनिश्चित पर्जन्यमानाच्या आजच्या काळात स्थळ हेही स्थिर राहिलेले नाही. म्हणून छायाचित्रात निसर्गाशी किती एकरूप दिसते यापेक्षा, गैरसोय निर्माण झाल्यावर रहिवाशाला ती स्वतः व अल्प खर्चात दूर करता येते की नाही, यावरून घराची योग्यता ठरविणे अधिक उचित होय. या कसोटीवर कोकणातील पडवी व बेलापूरचा चौक ही साधी योजनासुद्धा अनेक गाजलेल्या वास्तूंच्या तुलनेत सरस ठरते.