पृथ्वीच्या प्रेमगीतातील अंतर

कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ ठाऊक नाही असा मराठी रसिक परप्रांतीही विरळाच. या कवितेची स्तुती बहुधा तिच्यातील कल्पनेच्या भव्यतेसाठी होते. आमच्या मते तिचे खरे सामर्थ्य पृथ्वीने घेतलेल्या एका निर्णयात आहे. आणि त्या निर्णयाची खोली आजच्या खगोलविज्ञानाच्या उजेडात अधिकच प्रत्ययास येते.

चंद्र, मंगळ, ध्रुव, धूमकेतू असे या पृथ्वीचे आराधक. त्यांतील चंद्राने सूर्याचेच सांडलेले तेज वेचावे, ही कल्पना शास्त्रदृष्ट्याही अचूक होय. सूर्यात मिळून जाण्याची ओढ पृथ्वीच्या पोटातील अग्नीला आहे. तरी क्षुद्रांच्या जवळिकीपेक्षा तेजस्व्याचे दूरत्व ती पत्करते.

या दूरत्वाची साक्ष व्हाइटफील्डला राहणाऱ्या आम्हांस पायांखालीच सापडते. १८८२ साली वसलेल्या या वसाहतीचे वय ते काय! परंतु तिच्या तळाशी असलेल्या प्राचीन नाइस खडकाचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. लालबागेतील टेकडीवर तो उघडा पाहावयास मिळतो. तो घडला तेव्हा सूर्याचे तेज आजच्याहून सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते; तरीही पृथ्वीवर समुद्र होते आणि त्यांत जीव अंकुरला होता. तेव्हापासून सूर्य प्रखर होतच आहे. सुमारे १०० कोटी वर्षांनी त्याचे तेज आणखी एकदशांशाने वाढेल आणि समुद्र टिकणे कठीण होईल. सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातील हायड्रोजन संपून तो फुगू लागेल; पुढे बुध व शुक्र यांना तो गिळील, आणि बहुधा पृथ्वीलाही. म्हणजे कवितेतील आलिंगन खरोखरच घडण्याचा संभव आहे. मात्र तेव्हा ते गीत गाण्यास कोणी उरलेले नसेल. मधले १५ कोटी किलोमीटरांचे अंतर आहे, म्हणूनच गीत आहे.

कवितेच्या शेवटी पृथ्वी स्वतःस सूर्यचरणांवरील धूलिकण म्हणविते. कित्येकांस हा समर्पणाचा कळस वाटतो. आम्हांस मात्र, एवढ्या आराधकांना नाकारणाऱ्या मानिनीने अखेर पायांशी बसावे, हे खटकते. पण येथेही विज्ञान साहाय्यास येते. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि पृथ्वी ही दोन्ही वायू व धूळ यांच्या एकाच मेघातून जन्मली. धूळ हे दोघांचेही कूळ! हे ध्यानी घेऊन वाचले म्हणजे त्या शेवटातील दैन्य ओसरते आणि नाते उरते. कवीस हेच अभिप्रेत होते, असा आमचा दावा नाही. थोर कविता आपल्या काळापुढच्या ज्ञानासही जागा देते, एवढेच आमचे म्हणणे.

व्हाइटफील्डपासून जवळच, होसकोटे येथे, ‘आदित्य-एल १’ यानावरील सूर्याचा प्रभामंडल न्याहाळणारे उपकरण घडविले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुटलेले हे यान आपल्यापासून १५ लाख किलोमीटरांवर, म्हणजे सूर्याच्या वाटेच्या अवघ्या शंभराव्या हिश्श्यावर, नेऊन ठेवण्यात आले. सूर्य जाणून घ्यावयाचा तर तोही दुरूनच! बदलीच्या गावी राहून आपल्या मुलखाकडे पाहणाऱ्या वाचकांस या दूरत्वाचे मोल आम्ही निराळे सांगावयास नको.