समीकरण, सूत्र आणि साहाय्यपृष्ठ : 'आर' भाषेच्या लेखनपद्धतीचा विचार

भाषाशास्त्राच्या प्रबंधांतून अलीकडे 'आर' ह्या संगणकभाषेतील एखादी ओळ जशीच्या तशी उतरवून 'हे प्रस्तुत अभ्यासाचे संख्याशास्त्रीय प्रतिमान' असे म्हणण्याची प्रथा पडू लागली आहे. ती ओळ समीकरणासारखी दिसते. समीकरण मात्र ती नव्हे. ह्या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम त्या भाषेसोबत येणाऱ्या साहाय्यपृष्ठांचे. ती पृष्ठे हे काम कितपत पार पाडतात, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. साहाय्यपृष्ठ म्हणजे काही वाङ्मय नव्हे, त्याची समीक्षा ती कसली, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्या लेखनावर विसंबून अभ्यासक आपले निष्कर्ष ठरवितात, त्यातील शब्द आणि चिन्ह कोणता अर्थ वाहून नेतात हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकाराबाहेरचे खासच नाही.

प्रथम सूत्राविषयी. 'आर' ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन ह्यांनी रचली व १९९६ साली एका लेखाने तिची ओळख विद्वानांस करून दिली. तिची पूर्वज 'एस' ही भाषा १९७६ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी घडवीत होते. प्रतिमान सांगण्याची जी सांकेतिक लिपी आज 'आर'मध्ये वापरली जाते ती मात्र ह्या दोहोंहून निराळ्या घराण्यातली आहे. विल्किन्सन आणि रॉजर्स ह्यांनी १९७३ साली ती मांडली, रॉथॅमस्टेड येथील 'जेनस्टॅट' ह्या प्रणालीत ती रुजली, आणि चेंबर्स व हेस्टी ह्यांनी संपादिलेल्या १९९२ च्या ग्रंथाने ती 'एस'मध्ये आणली. शेतीतील प्रयोगांच्या मांडणीसाठी जन्मलेली ही लिपी आज स्वरांची लांबी मोजणाऱ्याच्या हाती आली आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

मराठी बीजगणिताच्या रूढीप्रमाणे क्ष आणि य ही अक्षरे घेऊ. य ~ क्ष + व असे सूत्र लिहिले, तर त्यात अधिकचिन्ह आहे, पण बेरीज नाही. 'क्ष हे पद घ्या, व हेही घ्या' एवढाच त्याचा अर्थ. ह्या सूत्रामागचे समीकरण य = ग० + ग१·क्ष + ग२·व + त्रुटी असे आहे. म्हणजे तीन गुणक आणि एक त्रुटी, अशी चार पदे सूत्रात अध्याहृत आहेत. ग० नको असेल तर उणे एक असे लिहावयाचे. येथेही वजाबाकी कशातूनच होत नाही. याहून विलक्षण प्रकार घातांकाचा. य ~ क्ष + क्ष^२ असे लिहिणाऱ्यास वर्गपद मिळत नाही, कारण सूत्रात घातचिन्हाचा अर्थ 'इतक्या पायरीपर्यंत परस्परक्रिया' असा आहे आणि एका चलाची स्वतःशीच परस्परक्रिया म्हणजे ते चलच. यंत्र तक्रार करीत नाही. वक्ररेषेऐवजी सरळ रेषा हाती ठेवते. खरा वर्ग हवा असेल तर त्यास 'आय' नावाच्या फलनाच्या कंसात बसवावे लागते. सूत्राविषयीच्या साहाय्यपृष्ठावर हे सर्व सांगितलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न असा की, ते पृष्ठ उघडण्याची गरज भासावी असे काही सूत्राच्या रूपात आहे काय? नाही. ओळखीचे चिन्ह वाचकास थांबवीत नाही. अनोळखी चिन्ह थांबविते.

चिन्हाचा रूढ अर्थ बाजूस सारून त्यास शास्त्रीय अर्थ देण्यात स्वतः काही दोष नाही. पाणिनीने हेच केले. अष्टाध्यायीत षष्ठी, सप्तमी व पंचमी ह्या विभक्ती सूत्रांच्या भाषेत आपला लौकिक अर्थ सोडतात: षष्ठीने 'ह्याच्या जागी', सप्तमीने 'हे पुढे असता आधीच्यास', पंचमीने 'ह्याच्या नंतरच्यास' असे समजावयाचे. परंतु हा करार पाणिनी पहिल्याच अध्यायाच्या पहिल्या पादात परिभाषासूत्रांनी करून ठेवतो. शब्दाने आपले स्वतःचे रूप दाखवावे, शास्त्रीय संज्ञा असेल तेथे मात्र तसे नाही, हेही तो तेथेच सांगतो. 'आर'मधील 'आय' फलनाचे काम ह्याच्याच जवळचे आहे: कंसातले चिन्ह लौकिक अर्थाने घ्यावे असे ते सांगते. फरक एवढाच की, पाणिनीचा वाचक परिभाषा ओलांडूनच विधिसूत्रांपाशी येतो. 'आर'चा वाचक थेट विधीपाशी उतरतो आणि परिभाषा त्याच्यासाठी दुसऱ्या एका पृष्ठावर वाट पाहत राहते.

तरंगचिन्हाची कथा तर कोशकाराने नोंदवून ठेवावी अशी आहे. संख्याशास्त्राच्या ग्रंथांत ते 'ह्या वितरणानुसार' असा अर्थ देते, आणि 'बग्ज' व 'स्टॅन' ह्या प्रणालींनी तोच अर्थ ठेवला आहे. 'आर'च्या सूत्रात ते 'ह्यांच्या आधारे समजावून घ्यावयाचे' असे सांगते. आणि त्याच 'आर'मध्ये आलेखावर समीकरण छापावयाचे असेल तर हेच चिन्ह दोन अक्षरांमधील मोकळी जागा होते! आलेखावरील गणितलेखनाची ही सोय पॉल मरेल आणि इहाका ह्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात वर्णिली आहे. तिच्यात बरोबरीचे एक चिन्ह उमटावे म्हणून दोन लिहावी लागतात. गुणाकाराची तारका दोन अक्षरे नुसती शेजारी बसविते. गणनेत सारणींचा गुणाकार करणारे चिन्ह येथे केवळ फुलीसारखे गुणिलेचिन्ह काढते. रचना म्हणून ही सोय कौशल्याची आहे: भाषेचे व्याकरण तेच ठेवून अर्थ तेवढा पालटला आहे. पण त्यामुळे एकाच समीकरणाचा गणनेसाठी एक, प्रतिमानासाठी दुसरा आणि चित्रासाठी तिसरा असा लेख करावा लागतो, आणि तिन्ही लेख एकाच लिपीत असून परस्परांस वाचता येत नाहीत.

चौथा लेख साहाय्यपृष्ठावरचा. ही पृष्ठे ज्या पद्धतीने लिहितात तिच्यात समीकरणासाठी दोन खण असतात: पहिल्यात छपाईसाठी सुबक रूप, दुसऱ्यात साध्या अक्षरांतले रूप. दोन्ही रूपे लेखक हातानेच लिहितो. ती एकच गोष्ट सांगतात की नाही हे यंत्र तपासत नाही. २०२२ साली ४.२.० ही आवृत्ती येईपर्यंत पडद्यावरील साहाय्यपृष्ठांत सामान्यतः दुसरेच रूप दिसत असे. गॅमा वितरणाच्या पृष्ठावर छापील समीकरणात अल्फा व सिग्मा ही ग्रीक अक्षरे आहेत, तर साध्या रूपात त्यांच्या जागी रोमन 'ए' आणि 'एस' येतात. हा भेद क्षुल्लक म्हणून सोडून देता येईल. पण त्याच पृष्ठावर एक भेद असा आहे की जो सोडून देता येत नाही. समीकरण लिहिले आहे ते आकार आणि मापपट्टी, म्हणजे 'शेप' आणि 'स्केल', ह्या दोन प्राचलांच्या भाषेत. फलनास मूल्ये पुरविण्याचा क्रम मात्र आकार, मग दर, आणि शेवटी मापपट्टी असा आहे. दर म्हणजे मापपट्टीचा व्यस्त. समीकरण वाचून कोणी नावे न लिहिता आकार ३ आणि मापपट्टी २ ह्या हेतूने दोन आकडे क्रमाने पुरविले, तर दुसरा आकडा दर म्हणून स्वीकारला जातो. ह्या वितरणाचा मध्य ६ यावयाचा तो दीड होतो. पृष्ठावरील प्रत्येक वाक्य खरे आहे. एकत्र वाचले असता मात्र ते वाचकास चुकीच्या दिशेने नेते.

प्रसामान्य वितरणाचा प्रकार ह्याच जातीचा आहे. पाठ्यपुस्तकातील लेखनात दुसरा आकडा बहुधा प्रचरण, म्हणजे व्हेरिअन्स, असतो; 'आर'मध्ये तो प्रमाण विचलन असतो; 'बग्ज'मध्ये त्याच नावाच्या फलनात तो प्रचरणाचा व्यस्त असतो. अधिक उदाहरणांची गरज नाही.

समीकरण नीट लिहिले म्हणजे किती उपकार होतात, ह्याचेही उदाहरण दिले पाहिजे, आणि ते आपल्या देशाशी निगडित आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी १९३६ साली मांडलेले 'व्यापक अंतर' मोजणारे फलन 'आर'मध्ये त्यांच्याच नावाने आहे. दोन बोलींच्या स्वरांचे स्थान परस्परांपासून किती दूर आहे हे पाहू इच्छिणाऱ्यास ते उपयोगी पडते. नावावरून वाटावे की फलन अंतर देईल. ते देते अंतराचा वर्ग. साहाय्यपृष्ठ हे पहिल्याच वाक्यात सांगते आणि लगेच समीकरण देते, ज्याच्या डाव्या बाजूस 'डी'चा वर्ग स्पष्ट लिहिलेला आहे. नावाने निर्माण केलेला भ्रम समीकरणाने जागच्या जागी दूर केला. साहाय्यपृष्ठाने याहून अधिक काय करावे?

कालश्रेणीच्या 'आरिमा' प्रतिमानाचे पृष्ठ मला सर्वांत विचार करावयास लावणारे वाटते, कारण त्यात गुण आणि दोष शेजारी नांदतात. बॉक्स व जेंकिन्स ह्यांच्या १९७० च्या ग्रंथापासून ह्या प्रतिमानात चलमध्याच्या गुणकांपूर्वी उणे चिन्ह लिहिण्याची एक परंपरा आहे. दुसरी परंपरा अधिक चिन्ह लिहिते. 'आर'चे पृष्ठ ह्या मतभेदाचा उल्लेख करते, आपले समीकरण पूर्ण लिहून दाखविते आणि 'एस-प्लस'च्या पुस्तिकांतील चिन्हे उलट आहेत हेही बजावते. पाठभेद नोंदविणाऱ्या चांगल्या संपादकाचे हे काम आहे. मग ते म्हणते की, मध्य समाविष्ट केला असेल तर हे समीकरण मूळ श्रेणीस नव्हे, मध्य वजा केलेल्या श्रेणीस लागू होते. हेही ठीक. पण गणना करून उत्तर छापले जाते तेव्हा त्या मध्याच्या माथ्यावर नाव येते 'इंटरसेप्ट', म्हणजे छेद! स्वाश्रयी पद असताना समीकरणातील छेद आणि मध्य ह्या दोन भिन्न संख्या आहेत. स्वाश्रयी गुणक ०.५ आणि मध्य १० असेल तर छेद ५ येतो. समीकरण एक बोलते आणि उत्तरपत्रिका दुसरे, आणि विद्यार्थी स्वाभाविकपणे उत्तरपत्रिकेतील शब्द प्रबंधात उतरवितो.

येथे माझ्या तक्रारीचे स्वरूप स्पष्ट व्हावे. साहाय्यपृष्ठे संक्षिप्त आहेत अशी ती नाही. पृष्ठ म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे हे समर्थन मला मान्य आहे, आणि सूत्रवाङ्मयाच्या देशात संक्षेपाला दोष कोण देईल? तक्रार अशी की, समीकरणातील अक्षर, फलनास पुरवावयाच्या मूल्याचे नाव आणि उत्तरावरील शीर्षक ह्या तिहींचा संबंध जोडून देण्याची जबाबदारी पृष्ठाचा लेखक स्वतःची मानीत नाही. तीनही ठिकाणी तो बिनचूक असतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची वाट तेवढी दाखवीत नाही.

ह्या वाटेचा अभाव सर्वांत जाणवतो तो सर्वाधिक वापरात असलेल्या 'एलएम' ह्या रेषीय समाश्रयणाच्या पृष्ठावर. तेथे प्रतिमान सांकेतिक सूत्राने सांगावे असे म्हटले आहे आणि सूत्राचे सर्वसाधारण रूप दिले आहे. गुणक व त्रुटी असलेले प्रतिमानाचे समीकरण मात्र दिलेले नाही. आपल्या क्षेत्रातील उदाहरण घ्यावयाचे तर, स्वरांचा कालावधी 'दीर्घ' आणि 'ह्रस्व' अशा दोन वर्गांत नोंदविला आहे असे समजा. वर्गांचा क्रम सांगितला नाही तर यंत्र तो अकारविल्हे लावते. द हा ह च्या आधी येतो, म्हणून 'दीर्घ' हा आधारवर्ग ठरतो. मग उत्तरात 'इंटरसेप्ट' म्हणून जी संख्या छापली जाते ती दीर्घ स्वरांचा सरासरी कालावधी असते आणि 'ह्रस्व'समोरची संख्या दोहोंमधील फरक. हा दुसरा गुणक छापताना चलाचे नाव आणि वर्गाचे नाव मध्ये कोणतेही चिन्ह न घालता जोडले जाते. असा समास की ज्याचा विग्रह वाचकाने करावयाचा, आणि जो वर्ग आधार ठरला त्याचे नाव समासात येतच नाही. ध्वनिशास्त्राचा अभ्यासक ह्रस्व स्वर हा मूळ धरून दीर्घत्व हा विकार मानीत असेल, तर त्याच्या सिद्धांताची दिशा वर्णमालेने उलटविलेली असते.

अनेक वक्त्यांकडून अनेक शब्द म्हणवून घेणाऱ्या प्रयोगांसाठी आता संमिश्र परिणामांची प्रतिमाने वापरतात. बायेन, डेव्हिडसन आणि बेट्स ह्यांच्या २००८ च्या लेखानंतर भाषेच्या प्रायोगिक अभ्यासात ती चांगलीच रुळली. 'एलएमई४' ह्या संचात त्यांचे सूत्र य ~ क्ष + (१ + क्ष | वक्ता) असे लिहितात. उभी रेघ येथे 'वक्त्यागणिक' असे सांगते. संभाव्यताशास्त्रात ती 'दिले असता' आणि 'आर'च्या तर्कव्यवहारात 'अथवा'. एवढ्याशा सूत्रावरून यंत्र सहा संख्या काढते: सर्वसाधारण छेद, क्षचा गुणक, वक्त्यागणिक बदलणाऱ्या छेदाचे प्रचरण, तशाच गुणकाचे प्रचरण, ह्या दोहोंचा सहसंबंध, आणि उरलेल्या त्रुटीचे प्रचरण. सहांपैकी एकीलाही सूत्रात स्वतःचे अक्षर नाही. पाचवीचे अस्तित्व तर केवळ रेघ एकेरी असण्यावर अवलंबून आहे. रेघ दुहेरी केली की सहसंबंध शून्य धरला जावा असा संकेत आहे. उत्तरात प्रचरणाशेजारी त्याचे वर्गमूळ 'स्टँडर्ड डेव्हिएशन' म्हणून छापतात, ते अंदाजाच्या अनिश्चिततेचे माप समजून वाचले जाण्याचा धोका असतो. प्रबंधात हे सूत्र उतरवून थांबणाऱ्या विद्यार्थ्यास परीक्षकांनी एवढेच विचारावे: सहसंबंधाचे अक्षर कोणते, आणि आधारवर्ग कोणता? दोन्ही उत्तरे समीकरण लिहिल्यावाचून देता येत नाहीत.