'गीता-प्रवचनें' आणि राजकारण : एक परीक्षण

योग म्हणजे लोकव्यवहार व राजकारण यांपासून निवृत्ति, ही समजूत किती अपुरी आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं धुळ्याच्या तुरुंगांत जन्मास आलेलें विनोबांचें 'गीता-प्रवचनें' हें पुस्तक वाचावें. ता. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अवधींत अठरा रविवारीं विनोबांनीं बंदिवान सत्याग्रह्यांपुढें हीं प्रवचनें केलीं व त्यांचे सहबंदी साने गुरुजी यांनीं तीं उतरून घेतलीं. आजचा नंदुरबार जिल्हा १९९८ सालीं निराळा झाला. त्या वेळीं तो पश्चिम खानदेशांत मोडत असे व धुळें हें त्याचें मुख्य ठाणें होतें. म्हणून हा ग्रंथ आम्ही आमच्या प्रांताच्या इतिहासाचेंही एक साधन समजतों.

प्रथम एक आक्षेप. चवथ्या अध्यायांतील 'विकर्म' या शब्दाचा अर्थ विनोबा 'बाह्य कर्मास जोडलेली चित्ताची साधना' असा करितात. शांकरभाष्यांत विकर्म म्हणजे प्रतिषिद्ध कर्म. 'वि' या उपसर्गाचा 'विशेष' असा अर्थ होतो खरा. तथापि शब्दाची रूढि भाष्यासच अनुकूल असल्यामुळें विनोबांचा अर्थ आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें हाच अर्थ बोलका आहे. ज्यांच्या हातून चळवळ काढून घेतली गेली, त्यांस उरलेलें कामही मन ओतून केल्यास वायां जात नाहीं, हा धीर हवाच असला पाहिजे.

सहाव्या अध्यायावरील प्रवचनांत ध्यानयोगास तीन गोष्टी आवश्यक मानिल्या आहेत : चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता व समदृष्टि. पहिल्या दोन एकट्या साधकास साधतील. तिसरी समाजांत वावरल्याशिवाय कसास लागत नाहीं. येथेंच योग राजकारणास भिडतो आणि येथेंच ग्रंथाची उणीवही दिसते. जमीन कोणाची व मजुरी किती, या वादाचा निवाडा समदृष्टि एकटी करूं शकत नाहीं. शहादें तालुक्यांत १९७२ च्या सुमारास आदिवासी शेतमजुरांनीं हाच प्रश्न उभा केला. त्यांचे पुढारी अंबरसिंग सुरतवंती हे भजन व सर्वोदय यांच्या वाटेनें आलेले. पण हक्कांसाठीं त्यांसही संघटना उभारावी लागली.

एक सावधगिरी मात्र राखिली पाहिजे. ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारांत झालेल्या गोळीबारांत बालवीर शिरीषकुमार व त्याचे चार सोबती हुतात्मे झाले. त्यांच्या धैर्याचें मूळ या प्रवचनांत शोधण्याचा मोह अनेकांस होईल. परंतु धुळें जवळ आहे एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं.

आमचें मत इतकेंच कीं, योगानें कार्यकर्ता टिकतो. कार्य न्याय्य आहे कीं नाहीं हें त्यास लोकांत जाऊनच ठरवावें लागतें. या मर्यादेसह हा ग्रंथ वाचल्यास वाचकांस तो अधिकच मोलाचा वाटेल.