सूत्र बरोबर, पण गाडी मागे कशी आली?

मंडळी, आज आम्हाला टीका करायची आहे ती गतीच्या तीन समीकरणांवर नव्हे. ती ज्या रीतीने शिकवली जातात त्या रीतीवर. 'दिलेले' लिहा, 'काढायचे' लिहा, अक्षरं जुळतील ते सूत्र शोधा, आकडे घाला. मार्क मिळतात. पण हे उदाहरण घ्या.

गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने चालली आहे. सपाट रस्त्यावर ब्रेक लावला. वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद इतका घटतो. ६ सेकंदांत गाडी किती पुढे जाईल? दुसऱ्या समीकरणात घाला: १२० वजा ९०, उत्तर ३० मीटर. एकक बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक! गाडी चौथ्या सेकंदालाच थांबते आणि तोवर ४० मीटर गेलेली असते. मग पुढच्या दोन सेकंदांत ती १० मीटर मागे आली का हो? ब्रेक लावून रिव्हर्समध्ये गेलेली गाडी आम्ही तरी पाहिलेली नाही.

वर फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत हेच समीकरण बरोबर चालतं. चेंडू माथ्यावर क्षणभर थांबतो, पण गुरुत्वाकर्षण थांबत नाही. म्हणून तो खरोखरच खाली येतो. ब्रेकचं तसं नाही. गाडी थांबली की त्वरण शून्य. 'एकसमान त्वरण' ही अट आहे, आणि ती कुठवर लागू आहे हे समीकरण सांगत नाही. ते सोडवणाऱ्यानेच बघायचं असतं. आपल्या परीक्षा नेमकं हेच विचारत नाहीत, ही आमची खरी तक्रार.

वेग-काळ आलेख काढला असता तर? उंची २०, पाया ४, त्रिकोणाचं क्षेत्रफळ ४०. संपलं. ही युक्ती काही नवी नाही. फ्रान्समधल्या निकोल ओरेमने चौदाव्या शतकात ती वापरली, आणि गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात प्रमाणं आणि आकृत्या यांवरच सगळं मांडलं. आपण मात्र आलेखावरून समीकरणं सिद्ध करतो आणि मग गणितं सोडवताना आलेख विसरतो. त्याच ब्रेकने ताशी ३६ ची गाडी १० मीटरांत थांबते, ७२ ची ४० मीटरांत. का? पायाही दुप्पट, उंचीही दुप्पट. चित्रात दिसतं की!

घरी ६ च्या जागी ५ सेकंद घेऊन बघा. उत्तर ३७.५ आलं, तर आधी आलेख काढा.