कंबरदुखी : लेसर, व्यायाम आणि पाठीवरचे ओझे

जुनाट कंबरदुखीवर लेसर द्यावा की व्यायाम, या वादात इराणमधील जाविद व त्यांच्या सहकाऱ्यांच्या चाचणीचा आधार घेतला जातो. ती २००७ साली ‘ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ फिजिओथेरपी’त प्रसिद्ध झाली. व्यायामाला लेसरची जोड दिल्यास दीर्घकाळात अधिक लाभ होतो, असे तिचे शीर्षकच सांगते. प्रस्तुत लेखकाच्या मते आकडे इतके ठाम नाहीत.

किमान १२ आठवडे दुखणे असलेल्या ६१ रुग्णांचे तीन गट करण्यात आले : केवळ लेसर, लेसर व व्यायाम, आणि व्यायामासोबत बंद लेसर. बंद लेसर म्हणजे यंत्र लावायचे, परंतु किरण सोडायचे नाहीत. यंत्र लावल्यानेच रुग्णाला बरे वाटू शकते, याचे भान या तिसऱ्या गटात आहे आणि मांडणीचे खरे बळही तेथेच आहे. उपचार सहा आठवडे चालले. त्यांच्या अखेरीस संयुक्त गट व व्यायाम गट यांत फरक आढळला नाही. तो आढळला बाराव्या आठवड्यात, म्हणजे लेसर थांबून दीड महिना लोटल्यावर. वेदनेच्या दहा सेंटीमीटर मोजपट्टीवर संयुक्त गटाची घट १.८ सेंटीमीटरने अधिक होती. पण विश्वासमर्यादा ०.१ ते ३.३ इतकी रुंद होती. खालचे टोक शून्याला जवळजवळ टेकले आहे. एका गटात जेमतेम वीस माणसे असताना याहून वेगळे काय होणार? केवळ लेसर हा व्यायामापेक्षा कोणत्याही टप्प्यावर सरस ठरला नाही, या निष्कर्षाला मात्र शीर्षकात जागा मिळालेली नाही.

तुर्कस्तानातील गुर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ७५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासातही लेसरच्या जोडीने व्यायामाचा लाभ वाढला नव्हता. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत दोन्ही उपचार आहेत. व्यायामाचा पुरावा मध्यम दर्जाचा, लेसरचा कनिष्ठ दर्जाचा मानला आहे.

परंतु हा वाद नवी मुंबईत आणला की त्याची दुसरी उणीव दिसू लागते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगाराला ‘व्यायाम करा’ असे सांगितले, तर दिवसभर दुसरे काय करतो, असे तो विचारील. त्याचा प्रश्न वरवर भाबडा, पण रास्त आहे. चिकित्सेतील व्यायामाची मात्रा ठरलेली असते आणि ती हळूहळू वाढवली जाते. गोणीचे वजन तिला वाहणारा ठरवीत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंवरील भार कमी करण्यास सुचविले. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात हमालांच्या रोजगाराचे व कल्याणाचे नियमन आले. तरीही गोणी ५० किलोंहून जड नसावी, ही मागणी या कामगारांना वारंवार करावी लागली आहे.

उपरोक्त चाचण्यांची तुलना उपचारांपुरती आहे. बरा झालेला रुग्ण कोणत्या कामावर परततो, हा त्यांचा प्रश्नच नाही. अशी चाचणी वाशीत करावयाची झाल्यास तीन गट पुरणार नाहीत. चौथा लागेल : ज्यांना ना लेसर दिला, ना व्यायाम शिकवला, केवळ गोण हलकी केली, अशा कामगारांचा.