कॉर्निश संगीत आणि प्रादेशिक अस्मिता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलची कॉर्निश भाषा केल्टिक कुळातील होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती लोकव्यवहारातून जवळजवळ लोपली. हेन्री जेनर यांच्या १९०४ मधील भाषाविषयक पुस्तिकेने तिच्या पुनरुज्जीवनास चालना मिळाली. २०१४ मध्ये ब्रिटिश शासनाने कॉर्निश जनांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. भाषेची परंपरा खंडित झालेल्या या समाजात अस्मितेचा मोठा भार संगीताने वाहिला. मात्र ‘अस्सल कॉर्निश’ संगीत कोणते, याचा निवाडा पुष्कळदा प्राचीनत्व व केल्टिक मूळ या निकषांवर केला जातो. या निकषांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘ट्रेलॉनी’चे उदाहरण :
कॉर्नवॉलचे अनौपचारिक राष्ट्रगीत मानले जाणारे ‘ट्रेलॉनी’ रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८२४ मध्ये रचले. हॉकर यांचा जन्म शेजारच्या डेव्हन परगण्यातील प्लिमथचा. गीत निनावी प्रसिद्ध झाल्यामुळे सर वॉल्टर स्कॉट यांच्यासारख्या जाणकारांनीही ते पुरातन लोकगीत मानले. कवी जन्माने परगण्याबाहेरचा, भाषा इंग्रजी आणि चाल मागाहून जोडलेली. तरीही रग्बीच्या मैदानावर कॉर्निश समुदाय हेच गीत एकमुखाने गातो. त्याचे कॉर्निशपण उगमातून नव्हे, तर स्वीकारातून सिद्ध झाले आहे.

खाण आणि प्रार्थनागृह :
जॉन वेस्ली यांच्या प्रवचनांनंतर मेथडिस्ट पंथ येथील कष्टकरी वर्गात खोलवर रुजला. प्रार्थनागृहातील सामूहिक गायन, पुरुषांचे गायनवृंद आणि ब्रास बँड हे या वर्गाचे संगीत होते. बालपणीच खाणीत राबलेले इलोगनचे टॉमस मेरिट (१८६३–१९०८) यांनी रचलेली नाताळगीते स्थलांतरित खाणकामगारांबरोबर कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली. या रचनांत केल्टिक खुणा शोधणे व्यर्थ होय. परंतु परदेशी विखुरलेल्या माणसांना एकमेकांची ओळख पटवून देण्याचे कार्य त्यांनीच केले.

पुनरुज्जीवनाची बाजू :
केल्टिक पुनरुज्जीवनाचे श्रेय नाकारता येत नाही. ब्रेंडा वूटन (१९२८–१९९४) यांनी कॉर्निश भाषेतील गाणी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतापर्यंत नेली, तर १९७८ मध्ये सुरू झालेल्या लोवेंडर पेरन महोत्सवाने स्थानिक नृत्य-संगीताला व्यासपीठ दिले. आल्टरनन येथील चर्चच्या बाकावर कोरलेला बॅगपाइपवादक या चळवळीला प्राचीनत्वाचा पुरावा वाटतो. पण शिल्पात वाद्य दिसते, त्याची धून ऐकू येत नाही. ती रिक्त जागा आजच्या कलावंतांनाच भरावी लागते. ग्वेनो या गायिकेचा ‘ले कोव’ (२०१८) हा संपूर्ण कॉर्निश भाषेतील अल्बम येथे उद्बोधक ठरतो. गायिकेचा जन्म वेल्समधील कार्डिफचा आणि वाद्यमेळ आधुनिक इलेक्ट्रॉनिक. प्राचीनत्वाची अट लावल्यास भाषेला नवा श्रोता देणारी ही कृतीही बाद ठरेल.

निष्कर्ष :
प्राचीनत्व हाच निकष मानल्यास खाणकामगारांच्या कित्येक पिढ्यांचे संगीत अस्मितेच्या कक्षेबाहेर राहते. साऊथ क्रॉफ्टी ही कथिलाची खाण १९९८ मध्ये बंद पडल्यानंतर त्या जीवनाची स्मृती ज्या माध्यमांत टिकली आहे, त्यांत हे संगीत महत्त्वाचे असल्याने ही उपेक्षा अधिक गंभीर ठरते. उलटपक्षी, केवळ लोकप्रियता पाहिल्यास कॉर्निश भाषा पुन्हा पोरकी होईल. म्हणून एखादे गीत किती जुने आहे यापेक्षा ते कोण, कोणाबरोबर आणि कशासाठी गाते, हा प्रश्न समीक्षेने अग्रस्थानी ठेवणे आवश्यक आहे.