‘सार्वत्रिक’ : एक विशेषण, दोन विशेष्ये

भारतातील आरोग्यसेवेच्या वादात उभय पक्ष ‘सार्वत्रिक’ हे एकच विशेषण योजतात. त्याचे विशेष्य मात्र निरनिराळे असते. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात ते विशेष्य ‘सेवा’ हे आहे. पैसे देण्याच्या असमर्थतेमुळे कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व सांगून समितीने आपल्या दीर्घकालीन योजनेत दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे रुग्णालय कल्पिले होते. २०१८ च्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ‘सेवे’ची जागा ‘संरक्षणा’ने घेतली : पात्र कुटुंबास रुग्णालयीन उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतची हमी. हा केवळ शब्दभेद नव्हे. सेवा म्हटले की वैद्य, परिचारिका व खाट यांची तजवीज अभिप्रेत होते. संरक्षण म्हटले की देयकाची. जेथे रुग्णालयच नाही, तेथे देयकाची हमी निरर्थक ठरते. भोर समितीची योजना खर्चाच्या दृष्टीने दुःसाध्य होती, हा आक्षेप विचारार्ह आहे. तथापि तो साधनांवरील आक्षेप होय, साध्यावरील नव्हे. ‘सार्वत्रिक काय?’ हे आधी ठरविल्यावाचून केलेल्या आकडेमोडीने या वादाचा निर्णय होणार नाही.